बोरडोहला फोन आला तेव्हा

प्रिय अनिरुद्ध आणि मीरा,

हे मराठीत लिहिते आहे. अडलात तर बाबांना विचारा. इतक्या लांब राहूनही आपलं मराठी अजून शाबूत आहे असं ते फोनवर सांगत असतात. ते कितपत खरं, हेही या निमित्ताने कळेल.

अनिरुद्ध, टेलिफोनच्या तारांवरून एका गावचा कॉम्प्युटर दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरशी जोडायला तुमच्या कॉलेजात शिकवतात, असं तू लिहिलंस. पुढे विचारलंस की सगळ्या देशाला फोन द्यायचा असं सरकारने ठरवलं तर सुरुवात कुठून करतात, आणि कुणाला काय मिळावं हे कोण ठरवतं. "आजी, तू टेलिफोनच्या सल्लागार कमिटीवर होतीस ना, तुला माहीत असेल," असंही लिहिलंस. मला थोडंसं माहीत आहे. पण ते कमिटीच्या बैठकांत कळलेलं नाही. खाप्यापलीकडच्या बोरडोह नावाच्या गावी गेले होते, तिथे कळलं. तुम्ही तेव्हा लहान होता. मीराला तर बोलताही येत नव्हतं. ती फोनमध्ये नुसती श्वास घ्यायची आणि आम्ही तेवढ्यावर खूश असायचो.

मागच्या आठवड्यात श्रीकांत नावाचा इंजिनियर बदलीवर जाताना निरोप घ्यायला आला. त्याने बोरडोहची ताजी हकिकत सांगितली. ती ऐकल्यावर ठरवलं, आता लिहून टाकावं. डोळे ठीक आहेत, हात चालतो आहे, आणि गोष्ट अजून क्रमाने आठवते आहे.

नागपूर

आमच्या हॉलमधला काळा फोन तुम्ही पाहिला आहे. त्या काळी गल्लीतल्या निम्म्या घरांचा तोच फोन होता. लोकांच्या लग्नपत्रिकेवर आमचा नंबर असायचा आणि त्याच्यापुढे पी.पी. छापलेलं असायचं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, कृपया बोलावून द्यावं. फोन आला की आजोबा गच्चीवरून हाक मारत. शेजारीण कणकेचे हात पुसत यायची. आम्ही शिष्टाचार म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसायचो आणि तिथून सगळं ऐकायचो. एका फोनवर पुष्कळ घरं कशी चालतात, हे मला नवीन नव्हतं.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. कमिटीत एक तरी बाई असावी म्हणून मला घेतलं होतं. बैठकीत बहुधा शहरातल्याच तक्रारी चालायच्या. एकदा श्रीकांतने टेबलावर तालुक्याचा नकाशा पसरला. हा साताऱ्याकडचा मुलगा, अंगाने किडकिडीत, खात्यात नवा. नकाशावर मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं आखलेली होती, सगळी षटकोनी, एकमेकांना चिकटलेली.

"प्रत्येक घरात एक सार्वजनिक फोन," तो म्हणाला. "कुठल्याही गावचा माणूस तासाभर चालला की फोनपाशी पोचला पाहिजे. सगळ्या देशाचे नकाशे असे आखायचे आहेत."

"गोल का नाही काढले?" मी विचारलं.

"गोलांच्या मध्ये फटी राहतात, मॅडम. त्यात कुणीतरी सुटतं. षटकोनात कुणी सुटत नाही."

मी आयुष्यभर मुलींना नकाशे शिकवले, पण इतकं साधं आणि इतकं न्यायाचं रेखाटन मी पाहिलं नव्हतं. गांधीबागेतले कापडाचे एक व्यापारी आमच्या कमिटीवर होते. ते मात्र खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, तिथं फोन कोणाले करतील हो? म्हशीले? माह्या दुकानाची लाइन डेड होऊन पडली आहे, ते पहा ना पहिले."

सगळे हसले. मीही हसले. श्रीकांत नकाशाची गुंडाळी करत म्हणाला, "म्हशीचं बरं असतं साहेब. ती घर सोडून खापरखेड्याला कामाला जात नाही."

बोरडोह हे त्यातल्या एका घरातलं गाव. तिथला फोन सुरू होताना कमिटीचं कुणीतरी हजर असावं असं ठरलं. बाकीच्यांना कामं होती. मी जाते म्हटलं.

खापरखेडा आणि खापा

फाल्गुन लागला होता. खात्याच्या जीपमधून श्रीकांत आणि मी सकाळी निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुलला होता, पण खापरखेड्याजवळ आलो तसा त्याचा रंग मळत गेला. विजेच्या कारखान्याची राख तिथे पानापानावर बसते. धुराड्यांखाली कामगारांच्या एकसारख्या चाळी, दोरीवर वाळणारी खाकी कापडं. बोरडोहचे बरेच पुरुष इथेच कामाला आहेत, असं श्रीकांतने सांगितलं. आठवड्याची सुट्टी मिळाली तर गावी जातात, नाहीतर नाही. गावी काय चाललं आहे हे त्यांना कुणी आलं-गेलं तर कळतं.

खाप्यात कोष्ट्यांच्या मागांचा आवाज गल्लीत ऐकू येत होता. टेलिफोन एक्सचेंज म्हणजे एक खोली, एक ऑपरेटर आणि भिंतभर तारा. श्रीकांत पहिले काही दिवस इथेच थांबून नव्या लाइनवर लक्ष ठेवणार होता. जीपही इथेच राहणार होती, कारण पुढे कन्हान आडवी येते आणि तिथे पूल नाही. दवाखानाही खाप्यातच.

नदी

उन्हाळ्याच्या तोंडाशी कन्हान बारीक होते. अर्धं पात्र कोरडी वाळू, आणि त्या वाळूत टरबुजाच्या वाड्या. काट्यांचं कुंपण, आत वाळूत पसरलेले वेल, कडेला राखणीची झोपडी. मला पलीकडे न्यायला बोरडोहहून बैलांची बंडी आली होती. श्रीकांत गावापर्यंत सोडायला बरोबर निघाला, आणि वाळूच्या मधोमध त्याने बंडी थांबवून नकाशा उघडला.

"मॅडम, आपल्या षटकोनाचा मध्य बरोबर इथं येतो."

आम्ही एका टरबुजाच्या वेलाकडे पाहत उभे राहिलो. झोपडीतून एक म्हातारी आली. काय हरवलं, तिने विचारलं. श्रीकांतने तिला समजावून सांगितलं की सरकारी हिशेबाने फोन खरा इथे हवा.

"मग इथंच लावा ना बापू. टरबुजं राखता राखता मी बोलत जाईन."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात मासोळ्या बोलतील!" म्हातारी बोळक्या तोंडाने हसली, आणि आम्हीही हसलो.

पुढे पाण्यात बंडीचं एक चाक खचलं. मी पडले नाही, पण माझी पिशवी पडली आणि यजमानांसाठी आणलेली संत्र्याची बर्फी नदीला मिळाली. डबा बुडाला नव्हता, पण आत पाणी गेलं होतं. श्रीकांतने तो ओंजळीत धरून पैलतीरापर्यंत असा आणला की जणू आत खात्याचं यंत्रच आहे.

बोरडोह

खेड्यातलं टपालघर म्हणजे पोस्टमास्तरांच्या घरातली पुढची खोली. बोरडोहात ते नामदेवरावांच्या घरी होतं, आणि सरकारी फोन टपालघरातच बसवायचा असा नियम असल्यामुळे फोनही त्यांच्याकडेच आला होता. बाहेर उंच ओटा, मग ती खोली. टेबलावर शिक्का आणि वजनकाटा, भिंतीला देव, आणि कोपऱ्यात नामदेवरावांच्या आई सरजाबाईंची खाट. आतलं दार उघडलं की थेट चूल दिसायची. कुठे घर संपतं आणि कुठे सरकार सुरू होतं, हे सांगणं अवघड होतं.

नामदेवराव चाळिशीचे, शेती सांभाळून टपाल पाहणारे, कमालीचे अदबशीर. सरजाबाईंनी मला खाटेवर बसवलं, माझे पाय दाबू का विचारलं आणि बर्फीचा डबा उघडून पाहिला.

"अव माय! हे त न्हाऊन आली," म्हणाल्या, आणि सुपात पसरून बर्फी उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना वाटली. खरं सांगते, वाईट लागत नव्हती.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि झणझणीत रश्शातली पाटवडी होती. नामदेवरावांची बायको कुसुम वाढत होती. तिचं रांगतं मूल माझ्या पदराशी खेळत होतं. मी तिखटाने नाक पुसलं तशी कुसुम तोंडाला पदर लावून हसली. "बाई नागपूरच्या ना? मग तिखट काहून लागते?"

दुपारी ओट्याखाली कुणीतरी "जय भीम" म्हणालं. पांढऱ्या पातळातली एक तरुण बाई अंगणात उभी होती. ही वच्छला, गावची नर्स. आरोग्य उपकेंद्र बौद्धांच्या वस्तीला लागून होतं आणि तिचं घरही वस्तीतच. तिला वर या म्हणावं म्हणून मी नामदेवरावांकडे पाहिलं, पण ते पोस्टाची थैली बांधण्यात गर्क होते आणि वच्छलालाही वर येण्याची घाई दिसली नाही. मीच खाली उतरले.

तिने मला वस्तीत नेलं, एका घराच्या सावलीत बसलेल्या मुलीजवळ. मुलगी वाकळ शिवत होती. नाव सिंधू, दिवस भरत आलेले, पायांना सूज. नवरा खापरखेड्याला. गेल्या वर्षी तिचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं. वच्छलाने खाप्याला माणूस धाडला होता. तो नदी ओलांडून, डॉक्टर शोधून, जीप नदीकाठी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

"या खेपेला डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे," वच्छला म्हणाली. "प्रेशर वाढलेलं आहे हिचं. काही वेगळं दिसलं की त्याच मिनिटाला कळवा, म्हणे. मी फोनची तार येण्याची वाट पाहून राहिली होती, बाई. बाकी लोकांसाठी तो सरकारी फोन असेल. माझ्यासाठी तो हिच्यासाठी आला आहे."

सिंधूने सुई थांबवली. "फोन मोठा राहते का वं बाई?"

"हातात मावतो."

"मंग त्यात डॉक्टर कसा मावन?"

वच्छला हसली, सिंधूही हसली, आणि हसताना तिने पोटावर हात ठेवला. त्या दिवसापासून बोरडोहच्या फोनचा विचार आला की तो हात माझ्या डोळ्यांपुढे येतो.

फोन सुरू झाला

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. सरजाबाईंनी फोनला हळदीकुंकू लावलं आणि तांदूळ वाहिले. फोनला तबकडी नव्हती. बाजूची मूठ गरगर फिरवायची, की नदीपलीकडे खाप्याच्या एक्सचेंजमध्ये घंटा वाजायची. पहिला फोन मी केला, आदल्या दिवशीच खाप्याला परतलेल्या श्रीकांतला. त्याचा आवाज इतका स्वच्छ आला की ओट्यावरच्या लोकांनीही तो ऐकला आणि टाळ्या वाजवल्या.

मग रांग लागली. माझ्या लक्षात आलं की रांगेतलं कुणीही स्वतः बोलत नव्हतं. नामदेवराव म्हणायचे, "सांगा, मी बोलतो." लोकांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. वर्षानुवर्षं हेच त्यांची पत्रं वाचून दाखवत आणि हेच उत्तर लिहून देत. फोन म्हणजे त्यांना घाईचं पत्र वाटत होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने खापरखेड्याच्या कारखान्याच्या गेटावर आपल्या मुलाला बोलावून घेतलं.

"का सांगू?" नामदेवरावांनी विचारलं.

"म्हैस व्याली म्हणा."

"अन्?"

"अन् काही नाही. ठेवून द्या."

नामदेवरावांनी निरोप दिला आणि वर स्वतःचं घातलं, "अन् बापू, बापाचं वय झालं आता, येत जाय अधूनमधून." म्हाताऱ्याने मान डोलावली. हे त्याला सांगायचंच होतं. सांगता आलं नसतं.

मला तेव्हा ते आवडलंही. एक माणूस सगळ्या गावाचा आवाज होतो, त्यात माया होती. फक्त एवढंच पाहिलं की वस्तीतली माणसं रांगेत नव्हती. ती अंगणाच्या कडेला निंबाखाली उभी होती.

"ते नाही येत?" मी विचारलं.

"येतील ना बाई. चिठ्ठ्या घ्यायले येतातच. ओट्याखाली उभे राहतात, मी हातात देतो. मी कोणाले कधी नाही म्हटलं नाही," नामदेवराव म्हणाले. आणि ते खरं होतं. ते कुणाला नाही म्हणणारे नव्हतेच.

दुसरी सकाळ

फोन सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते. वच्छला जवळजवळ पळतच अंगणात आली आणि बाजूच्या खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली.

"नामदेवराव, दवाखाना लावा. लवकर."

"का झालं?"

"सिंधू. रक्त जाऊन राहिलं, थांबत नाही. डोळ्यासमोर अंधारी येते म्हणते. डॉक्टरांना म्हणा, जीप आत्ता पाठवा. आत्ता."

नामदेवरावांनी मूठ फिरवली. एक्सचेंजने दवाखाना जोडला. खोलीत मी होते, खाटेवर सरजाबाई, आतल्या दारात कुसुम.

"नमस्कार साहेब. बोरडोहहून पोस्टमास्तर बोलून राहिलो. इथं वस्तीतल्या एका बाईची तब्येत बरोबर नाही... हो, बाळंतपणाचंच समजा..." ते थांबले. एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून आवाज खाली केला. "ते... बायकांचं आहे थोडं, साहेब... नाही, नर्सबाई आहेत ना इथं, त्या पाहून राहिल्या... बरं. बरं, ठीक आहे."

फोन ठेवला. "त्यांची जीप कॅम्पाले गेली आहे. दुपारून पाठवतो म्हणे."

वच्छलाने गज सोडले नाहीत. "तुम्ही रक्त म्हणालेच नाही."

"म्हटलं ना, बायकांचं आहे म्हणून. डॉक्टरले समजते."

"नाही समजत!"

मुलांनो, तो माणूस दुष्ट नव्हता. आईदेखत, बायकोदेखत, माझ्यासारख्या पाहुण्या बाईदेखत परक्या बाईच्या अंगावरच्या रक्ताचं नाव काढणं त्याच्या जिभेला जमलं नाही. त्याच्या शिकवणीत हा बाईमाणसाचा मान होता. पत्र वाचतानाही असे शब्द तो गाळत असे, आणि ऐकणारा त्याच्या चेहऱ्यावरून ओळखत असे. तारेच्या पलीकडच्या डॉक्टरांना चेहरा दिसत नव्हता.

"इकडे द्या," वच्छला म्हणाली. "मी बोलते."

त्यांनी फोन उचलून खिडकीकडे नेला. वायर टेबलाच्या कडेपर्यंतच पुरली. वच्छला वळली आणि ओट्याच्या पायरीवर आली.

"नामदेव," सरजाबाई खाटेवरून म्हणाल्या, "तूच सांग ना पुन्हा. तिले काहून आत बोलावतं? हाताचं नाही म्हणत मी. तोंडाले लावाचं यंत्र आहे ते. घरातले सारे त्याच्यातच बोलतात."

मग कुसुम दारातून पुढे आली. सासूपुढे तिचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"आत्या, माह्या पोराले श्वास येत नोता. तवा त्याच्या तोंडात बोट घालून नर्सबाईनंच घाण काढली. तेही तोंडच होतं ना? तवा त तुमीच म्हणे, लवकर कर वं बाई, लवकर कर."

वच्छलाने परवानगीची वाट पाहिली नाही. चप्पल पायरीवर सोडली, आत आली, मूठ फिरवली.

"डॉक्टर, मी वच्छला. सिंधूच. ब्लीडिंग सुरू झालं आहे, पुष्कळ. प्रेशर वाढलं आहे, शुद्ध हरपते मधून मधून. दुपारपर्यंत नाही टिकणार ती."

लाइनवर लक्ष ठेवायला एक्सचेंजमध्ये बसलेला श्रीकांत हे ऐकत होता. आधीचा नामदेवरावांचा फोनही त्याने ऐकला होता. कुणाची तरी तब्येत बरी नाही, एवढंच त्याला कळलं होतं. हे ऐकताच त्याने मध्येच सांगितलं, "डॉक्टरसाहेब, माझी जीप दारात आहे. मी येतो, तुम्ही तयार राहा."

बंडीचे धक्के नकोत म्हणून सिंधूला खाटेवरून न्यायचं ठरलं. वस्तीतली माणसं खांदा द्यायला आली, आणि मी पाहिलं, एका खुराशी नामदेवराव होते. नदीत टरबुजवाल्या म्हातारीने जवळची वाट मिळावी म्हणून आपलं काट्यांचं कुंपण ओढून बाजूला केलं. वेलांवरून माणसं गेली. पाण्यात खाट माणसांनी डोक्यापर्यंत उचलली. वच्छला सिंधूचा हात धरून बाजूने चालत होती आणि सारखं म्हणत होती, "डोळे उघडे ठेव वं. माझ्याकडे पाह्य."

पलीकडे जीप उभी होती.

परतताना

सिंधूला खाप्याहून पुढे नागपूरला न्यावं लागलं. ती वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

निघताना मी खाप्याला डॉक्टरांना भेटले. थकलेला, तरुण माणूस. म्हणाले, "पहिल्या फोनवरून मला तब्येत बरी नाही एवढंच कळलं. असे निरोप रोज येतात."

"तेव्हाच निघाला असतात तर मूल वाचलं असतं?"

त्यांनी चष्मा पुसला. "सांगता येत नाही," म्हणाले.

खापरखेड्यावरून येताना श्रीकांत गाडीत मध्येच म्हणाला, "मॅडम, खांब बरोबर रोवले होते. तार कुठेही तुटलेली नव्हती." मी म्हटलं, हो. नकाशा चुकला नव्हता, यंत्र चुकलं नव्हतं. तार ओट्यापर्यंत आली होती. शेवटची काही पावलं मोजायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्याही.

कमिटीत मी मांडलं की सार्वजनिक फोन जिथे कुणालाही आत जाऊन हातात घेता येईल अशाच जागी असावा, आणि ज्याचं काम असेल त्याने स्वतः बोलावं. चर्चा पुष्कळ झाली. शेवटी उत्तर मिळालं ते असं: दुसऱ्याने बोलावं असं नियमांत कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे ते बंद करा असंही लिहिता येत नाही. गांधीबागेतले ते व्यापारी त्या दिवशी आपल्या लाइनबद्दल काही बोलले नाहीत. जिन्यात मला म्हणाले, "पोरगी कशी आहे आता?" मी सांगितलं.

अनिरुद्ध, तू पुढे तारा जोडशील तेव्हा तुझ्याकडे माझ्यापेक्षा चांगले नकाशे असतील. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इतकंच देता येतं: सरकार फोन गावाला देतं. गावात तो कुणाच्या हातात जातो, हे गाव ठरवतं, आणि ते एका दिवसात ठरत नाही.

श्रीकांतने मागच्या आठवड्यात सांगितलं ते असं. टपालघर अजून नामदेवरावांच्या घरीच आहे. पण टेबल त्यांनी बाहेरच्या दाराशी सरकवलं आहे. कुणी आलं की ते मूठ फिरवून देतात, "बोला" म्हणतात आणि स्वतः उठून ओट्याच्या टोकाला जाऊन बसतात. वस्तीतले तरुण आत येऊन बोलतात. म्हातारी माणसं अजून खिडकीतूनच निरोप सांगतात. त्या सकाळनंतर सरजाबाईंनी सिंधूसाठी घरचं तूप धाडलं होतं, महिनाभर. आणि त्या रोज संध्याकाळी फोन ओल्या फडक्याने पुसतात.

वच्छला कामासाठी नागपूरला आली की आमच्याकडे येते. या पुसण्याचं तिला वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "वाटते ना बाई. पण पुसला तरी लागतो फोन."

सिंधू खापरखेड्याच्या कॉलनीत नवऱ्याजवळ राहते. तिला पुन्हा मूल झालं नाही. सिंधू आहे. फोन चालू आहे. सरजाबाईंचं फडकंही आहे.

तुमची,
आजी